रंधा मशीनची पाती जुळवताना मोजमाप कुठून घ्यावे

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. बारा इंची, दोन पात्यांच्या रंधा मशीनची पाती बाहेरून धार लावून आणली आणि स्वतःच बसवली. तेव्हापासून प्रत्येक फळीच्या शेवटच्या दोन-अडीच इंचांत खळगा पडतो, रंधलेल्या दोन कडा एकमेकींवर ठेवल्या की मध्यभागी उजेड दिसतो, पृष्ठभागावर लांबीभर एक बारीक उंच रेघ उमटते आणि मशीन पूर्वीपेक्षा जास्त थरथरते. धार लावणाऱ्याने पाती वाकडी घासली असावीत, असा आपला तर्क आहे. सुमारे तीस वर्षे अशा मशीनवर काम केल्यानंतर माझे मत असे आहे की या चारपैकी दोन तक्रारींचा धारेशी काहीही संबंध नाही, एकीचा थोडा आहे, आणि चौथी धार लावण्यापेक्षा वजनाची आहे.

पुढील सगळे विवेचन एकाच गोष्टीवर उभे असल्यामुळे ती आधी सांगतो. ज्या टेबलावरून लाकूड आत ढकलतो त्याला मी अलीकडचे टेबल म्हणेन आणि रंधलेले लाकूड ज्याच्यावर सरकत जाते त्याला पलीकडचे टेबल. अलीकडचे टेबल फक्त किती जाडी निघावी हे ठरवते. ते रोज वर-खाली होते आणि त्याच्यापासून कोणतेही माप घेण्यात अर्थ नाही. पाती बसवायची ती पलीकडच्या टेबलाशी समांतर आणि त्याच्याच उंचीला किंवा केसभर वर, कारण एकदा पात्यावरून गेलेले लाकूड त्या टेबलावर टेकते आणि पुढची सगळी कड त्या टेकण्यावरून ठरते. अनेक कारागीर पात्याचे माप कटर ब्लॉकच्या, म्हणजे पाती ज्यात बसतात त्या फिरत्या दंडगोलाच्या, अंगापासून घेतात, म्हणजे पाते ब्लॉकच्या बाहेर दोन्ही टोकांना सारखे निघाले की काम झाले असे समजतात. ब्लॉक टेबलाशी तंतोतंत समांतर असेल तरच हे खरे ठरते, आणि जुन्या मशीनमध्ये तसे क्वचितच असते.

त्यामुळे पात्यांना हात लावण्यापूर्वी टेबले तपासावीत. दोन्ही टेबलांचे लॉक घट्ट आवळावे, अलीकडचे टेबल पलीकडच्याच्या पातळीला आणावे, म्हणजे कापाची खोली शून्य करावी, आणि दोन्हींवर मिळून लांब सरळपट्टी ठेवून फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पानांच्या जुडग्याने, फट मोजावी. दीड मीटर लांबीत ०.१ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. त्याहून अधिक असेल तर पाती कितीही नेटकी बसवली तरी सांधा जुळणार नाही. पट्टी म्हणून बाजारातला ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप वापरणार असाल तर तो आधी पारखावा: प्लायवर त्याच्या कडेने बारीक रेघ मारावी, पाइप उलटा फिरवून त्याच रेघेला तीच कड लावावी, रेघ जिथे सुटेल तिथे दुप्पट दोष दिसतो. टेबलांची बाहेरची टोके खाली झुकलेली असतील तर मध्ये पोकळ कड निघते, आणि टोके वर उचललेली असतील तर मध्ये फुगलेली. मी नवखा असताना एका मशीनवर दोन दिवस पाती काढघाल करण्यात घालवले होते, आणि शेवटी कळले की पलीकडच्या टेबलाचा लॉक झिजल्यामुळे ते लाकडाच्या वजनानेच किंचित बसत होते. ते टेबल हाताने दाबले असते तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता.

आपल्या तक्रारींकडे येतो. फळीच्या शेवटी खळगा पडतो याचा अर्थ पात्याचे टोक पलीकडच्या टेबलापेक्षा गरजेहून जास्त उंच आहे. फळीचा मागचा भाग अलीकडच्या टेबलावर असेपर्यंत ती तरंगत्या अवस्थेत का होईना पण सांभाळली जाते. मागचे टोक त्या टेबलावरून सुटले की फळी पलीकडच्या टेबलावर खाली बसते आणि उरलेल्या दोन इंचांवर पाते जास्त खाते. मध्यभागी दिसणारा उजेडही त्याच दोषाचे दुसरे रूप आहे, कारण पाते उंच आणि टेबल खाली असले की लाकूड एका अदृश्य उंचवट्यावरून सरकत जाते आणि त्याची कड पोकळ होते. दोन कडा एकमेकींवर ठेवल्यामुळे हा दोष दुप्पट दिसतो. उलट, पाते टेबलापेक्षा खाली असेल तर फळीचे पुढचे टोक टेबलाच्या ओठाला, म्हणजे ब्लॉककडच्या कडेला, अडते, किंवा जोर लावून पुढे गेली तर वर चढत जाते आणि काप हळूहळू कमी होत शेवटी नाहीसा होतो. म्हणजे फळीचे कोणते टोक बिघडले हे पाहिले की कोणत्या दिशेने दुरुस्ती करायची ते कळते. त्यासाठी मोजण्याचे साधनही लागत नाही.

आता प्रत्यक्ष बसवणी. स्विच बंद करणे पुरेसे नाही. मेन काढावा आणि शक्य असल्यास पट्टाही उतरवावा. हाताने फिरणारा ब्लॉकसुद्धा नव्या धारेने बोट चिरतो, हे प्रत्येकाने एकदा तरी अनुभवलेले असते. जुनी पाती काढल्यावर ज्या खाचेत पाते आणि दाबपट्टी बसते ती खाच नीट स्वच्छ करावी. सागाचा चिकट तेलकट थर आणि भुशाची खपली तिथे दगडासारखी बसलेली असते. जुन्या पटाशीच्या बोथट कडेने ती खरवडावी, घासलेट किंवा थिनरने पुसावी, आणि दाबपट्टीचे स्क्रू एकेक करून पूर्ण खोलून तेल लावून पुन्हा घालावेत. खाचेत नखाएवढी खपली राहिली तरी पाते तिथे उचलले जाते, आणि मग आपण अर्धा तास ज्याच्याशी झगडतो तो दोष पात्याचा नसून त्या खपलीचा असतो.

बसवण्यापूर्वी दोन्ही पाती तराजूत घालावीत. सोन्याच्या तराजूची गरज नाही. स्वयंपाकघरातला एक ग्रॅम दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. दोन पात्यांत एका ग्रॅमहून जास्त फरक नसावा. एका पात्यावर टवका पडला म्हणून तेच जास्त घासले आणि दुसरे कमी, असे झाले की रुंदी वेगळी होते, वजन वेगळे होते आणि मिनिटाला साडेचार-पाच हजार फेऱ्यांवर तो फरक थरथर होऊन हातात येतो. आपल्या चौथ्या तक्रारीचे मूळ बहुधा इथेच आहे. धार लावणाऱ्याला पाती देताना ‘जोडी एकत्र, एकाच सेटिंगवर घासा’ एवढेच सांगावे. पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास असोत किंवा आपल्या गावी, बरेच जण सांगितल्याशिवाय तसे करत नाहीत, आणि तो त्यांचा दोषही म्हणता येत नाही, कारण त्यांच्यापर्यंत पाती एकेकटी येतात. जड बाजू हलकी करायची असेल तर पात्याच्या मागच्या कडेवरून घासावे. धारेच्या बाजूने कधीही नाही.

पाते खाचेत घातल्यावर दाबपट्टीचे स्क्रू इतकेच लावावेत की पाते हाताने सरकेल पण आपोआप पडणार नाही. पुष्कळ मशीनमध्ये हे स्क्रू उलटे काम करतात, म्हणजे ते दाबपट्टीतून बाहेर येऊन खाचेच्या भिंतीवर दाब देतात. त्यामुळे आवळायचे म्हणजे कोणत्या दिशेला फिरवायचे हे आधीच पाहून ठेवावे. पात्याखाली स्प्रिंग असतील तर पाते वरून लाकडाच्या ठोकळ्याने दाबून खाली आणायचे असते, आणि उचलण्याचे स्क्रू असतील तर खालून वर न्यायचे असते. धारेवर लोखंड कधीही टेकवू नये. पाते ब्लॉकच्या अंगाबाहेर साधारण एक मिलिमीटर निघावे. दीडच्या वर गेले तर लाकूड उसळून मागे येण्याची शक्यता वाढते आणि पात्याला पाठीमागून आधारही कमी पडतो.

आता मोजमाप. डायल गेज, म्हणजे बारीक फरक काट्याने दाखवणारे घड्याळासारखे साधन, आणि चुंबकी स्टँड असेल तर उत्तमच. स्टँड पलीकडच्या टेबलावर ठेवावा, टोकाला चपटा बटणासारखा तुकडा लावावा, कारण टोकदार टोक नव्या धारेला टवका पाडते. मग ब्लॉक हाताने पुढे-मागे डोलवून काटा जिथे सर्वांत वर जातो तो आकडा घ्यावा. पात्याची उंची म्हणजे हा सर्वोच्च आकडा, ब्लॉक कुठेही थांबवून घेतलेला आकडा नव्हे. डावे टोक, मध्य आणि उजवे टोक अशा तीन जागी वाचन घ्यावे.

मात्र ज्यांच्याकडे डायल गेज नाही त्यांनी खंत करू नये. सागाची एक कोरडी, सरळ पट्टी पुरते. मी स्वतः गेज असूनही अनेकदा हीच पद्धत वापरतो. एक फूट लांब, इंचभर रुंद पट्टी घ्यावी, तिची खालची कड रंध्याने अगदी सरळ करावी. ती पलीकडच्या टेबलावर अशी ठेवावी की पुढचे टोक पात्याच्या वर लोंबेल, आणि टेबलाच्या ओठापाशी पट्टीवर पेन्सिलीने खूण करावी. मग ब्लॉक कामाच्या दिशेने हाताने सावकाश फिरवावा. पाते पट्टीला खालून पकडते, थोडे उचलते, आपल्याबरोबर अलीकडे ओढते आणि सोडून देते. पट्टी किती सरकली ते पुन्हा ओठापाशी दुसरी खूण करून मोजावे. हे सरकणे हेच माप आहे.

या पद्धतीला अंदाजपंचे समजणाऱ्यांसाठी थोडे गणित देतो. पाते टेबलापेक्षा जितके वर असेल तितका वेळ ते पट्टीला धरून ठेवते, आणि सरकलेल्या अंतराचा वर्ग भागिले कटर वर्तुळाच्या (फिरताना पात्याची धार आखते त्या वर्तुळाच्या) त्रिज्येची आठपट एवढी ती उंची येते. कटर वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या ५० धरली तर पट्टी ३ मिलिमीटर सरकली असता पाते टेबलापेक्षा सुमारे ०.०२ मिलिमीटर वर आहे. ४ मिलिमीटर सरकली तर ०.०४, ६ मिलिमीटर सरकली तर ०.०९. म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीवर वाचता येणारा एक मिलिमीटरचा फरक हा खरे तर दोन-शतांश मिलिमीटरचा फरक असतो. एवढ्या स्वस्तात एवढे मोठे भिंग दुसरीकडे मिळत नाही. लहान सहा इंची मशीनच्या बारीक ब्लॉकवर तेच तीन मिलिमीटर सरकणे म्हणजे जास्त उंची असते, हेही याच गणितातून निघते. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या मशीनचा आकडा आपल्या मशीनला लावू नये. मी मोठ्या ब्लॉकवर तीन ते चार मिलिमीटर सरकणे योग्य मानतो, म्हणजे सुताच्या (इंचाच्या आठव्या भागाच्या) आसपास.

डाव्या टोकाला सरकणे तीन आणि उजव्या टोकाला पाच आले, तर उजवी बाजू ठोकळ्याने किंचित खाली घ्यावी, परत मोजावे. दोन्ही टोके सारखी झाली की स्क्रू आवळायला घ्यावेत, आणि खरी कसोटी इथे सुरू होते, कारण आवळताना पाते सरकते. दाबपट्टी दाबली जाताना पात्याला वर ढकलते. जोरात एक बाजू आधी आवळली तर तीच बाजू वर येते. त्यामुळे मधला स्क्रू आधी, मग त्याच्या दोन्ही बाजूंचे, असे करत बाहेर जावे, आणि हे तीन फेऱ्यांत करावे: पहिली फेरी हलकी, दुसरी अर्धी, तिसरी पूर्ण. प्रत्येक फेरीनंतर पट्टी लावून पाहावी. पुष्कळ वेळा स्क्रू आवळण्यापूर्वीचे माप उत्तम असते आणि आवळल्यानंतर एक टोक दोन मिलिमीटरने जास्त सरकायला लागते. असे झाले तर पाते किती उचलले जाते ते ओळखून पुढच्या वेळी आधीच तेवढे खाली ठेवावे. हा अंदाज प्रत्येक मशीनचा वेगळा असतो आणि तो दुसऱ्याकडून शिकता येत नाही. पान्याला पाइप घालून जोर वाढवू नये. त्याने स्क्रूचा आटा जातो आणि दाबपट्टी वाकते.

चुंबकांच्या साहाय्याने पाते टेबलाच्या पातळीला धरून ठेवण्याची साधनेही मिळतात. ती सोयीची आहेत, पण चुंबक पात्याला टेबलाच्या बरोबरीने धरतो, किंचित वर नाही. शिवाय पाते सर्वोच्च जागी आहे की नाही हे तो सांगत नाही, आणि आवळताना होणारी हालचाल तो थांबवेलच असे नाही. वापरल्यावरही पट्टीने तपासावे लागत असेल तर मला ते पैसे वाचवलेले बरे वाटतात.

दुसरे पाते पहिल्याच मापाला आणावे. इथे अनेकांचा गैरसमज असतो तो दूर करायला हवा. दोन्ही पाती सारखी झाली की दोन्ही पाती सारखेच पृष्ठ घडवतात, असे नाही. हाताने साधारण मिनिटाला सहा मीटर वेगाने लाकूड ढकलले आणि ब्लॉक ४,५०० फेऱ्या फिरत असेल तर दोन पात्यांचे मिळून मिनिटाला ९,००० काप होतात, म्हणजे दर काप सुमारे ०.६७ मिलिमीटरवर. त्या कापांमधली लाट एक-दोन हजारांश मिलिमीटर इतकीच उंच असते. म्हणून एक पाते दुसऱ्यापेक्षा शतांश मिलिमीटरनेही खाली असेल, तर शेवटचा ठसा उंच पात्याचाच राहतो. दुसरे पाते जाडी काढण्यात मदत करते, पण पृष्ठावर दिसत नाही. हाताने बसवलेल्या पात्यांत हे जवळजवळ नेहमीच असते आणि फर्निचरच्या कामात त्याने काही बिघडत नाही. ०.०२ ते ०.०३ पर्यंतचा फरक मी स्वीकारतो. पण एकाच पात्याची दोन टोके टेबलापासून वेगळी असतील, तर कड गुण्यात (काटकोनात) येत नाही आणि रुंद फळी तिरकी रंधली जाते. तो दोष मी स्वीकारत नाही. दोन पात्यांच्या आपसातल्या बरोबरीपेक्षा प्रत्येक पात्याची टेबलाशी समांतरता महत्त्वाची, हा क्रम उलटा झाला की माणूस दिवसभर घाम गाळतो.

लांबीभर उमटणारी उंच रेघ हा पात्यावरच्या टवक्याचा ठसा आहे. टवका धार लावताना पूर्ण निघाला नसेल किंवा बसवताना पडला असेल. त्यासाठी पुन्हा धार लावायला पाठवण्याची गरज नाही. दोन्ही पात्यांवर त्याच जागी टवका असेल तर एक पाते एक-दोन मिलिमीटर बाजूला सरकवून बसवावे. एकाने सोडलेली रेघ दुसरे काढून टाकते. अर्थात तेवढ्या जागी एकच पाते काम करते, म्हणून शेवटचा हात मारताना लाकूड सावकाश ढकलावे.

सगळे आवळल्यावर मी एक सवय पाळतो: प्रत्येक स्क्रूवर खडूची टिकली लावतो आणि शेवटच्या फेरीत पान्याने आवळला की ती पुसतो. फार वर्षांपूर्वी एकदा एक स्क्रू राहून गेला होता. मशीन सुरू केल्यावर वेगळा आवाज आला म्हणून लगेच बंद केले, तेव्हा दाबपट्टी एका टोकाला अर्धा मिलिमीटर बाहेर आलेली दिसली. तेव्हापासून खडू. पहिल्यांदा सुरू करताना मशीनच्या रेषेत उभे राहू नये, बाजूला उभे राहावे, दोन-तीन मिनिटे रिकामे चालू द्यावे, बंद करून मेन पुन्हा काढावा आणि सर्व स्क्रू एकदा परत पाहावेत. काही किंचित सैल झालेले असतात.

जुन्या शेडमध्ये कुठे चौकोनी ब्लॉकचे मशीन उरले असेल, तर त्याची पाती जुळवण्यात वेळ घालवू नये. चौकोनी ब्लॉक फिरताना ओठापाशी मोठी फट उघडते आणि त्यात बोटे खेचली जातात. गोल ब्लॉकमध्ये तीच फट फार लहान असते. हाताने लाकूड ढकलण्याच्या रंध्याला गोल ब्लॉकच असावा आणि टेबलांमधल्या कापाच्या फटीची पूर्ण लांबी-रुंदी झाकणारे संरक्षण असावे, असे महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ मध्ये घातलेले बंधन याच कारणासाठी आहे.

शेवटचे अचूक जुळवणे पात्याचे नसून पलीकडच्या टेबलाचे असते. आपल्या मशीनचे ते टेबल वर-खाली होत असेल तर अडीच फुटांची कोरडी, सरळ पट्टी घेऊन अर्धा सूत खोलीने चार-पाच इंच पुढे ढकलावी, ती दाबून धरून मशीन बंद करावे आणि ब्लॉक पूर्ण थांबेपर्यंत हात हलवू नये. मग पुढच्या टोकाखाली, ओठाजवळ, फीलर गेजचे ०.०५ चे पान घालून पाहावे. पान सहज गेले तर टेबल खाली आहे. ते अगदी थोडे वर घ्यावे. पुढचे टोक ओठाला अडले असेल तर टेबल खाली घ्यावे. पान अडखळते पण लाकूड अडत नाही, ही जागा आली की लॉक आवळावा आणि आवळल्यावर पुन्हा एकदा पाहावे, कारण लॉकही टेबलाला हलवतो. त्यानंतर दोन फळ्यांच्या कडा रंधून एकमेकींवर ठेवाव्यात. एकीची उजवी रुंद बाजू आणि दुसरीची डावी रुंद बाजू फेन्सला, म्हणजे टेबलावरच्या उभ्या आधारपट्टीला, लावून रंधले की फेन्स एखाद-दुसऱ्या अंशाने गुण्यातून सुटलेली असली तरी दोन्ही चुका एकमेकींना मिटवतात, म्हणून या चाचणीत फक्त लांबीचा दोष दिसतो.

आपल्या मशीनबाबत माझा क्रम असा राहील: आधी पलीकडचे टेबल किंचित वर घेऊन खळगा आणि उजेड जातो का ते पाहा, कारण त्याला पाच मिनिटे लागतात. तेवढ्याने भागले तर पाती न काढता फक्त वजनाचा प्रश्न उरतो, आणि तो पुढच्या धारेच्या वेळी जोडी एकत्र घासून घेऊन सोडवता येईल. मात्र थरथर इतकी असेल की टेबलावर ठेवलेला रुपया सरकतो, तर तोपर्यंत मशीन चालवू नका. साग रंधत असाल तर पुढच्या धारेची वेळ फार दूर नसेल. सागात सिलिका असते आणि तो हायस्पीड स्टीलच्या धारेला आंब्याच्या किंवा फणसाच्या लाकडापेक्षा बराच लवकर बोथट करतो.